पाण्याची उंची

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितलं, की कागदावर बहुधा एकच देखावा उतरतो. दोन-तीन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेत अर्धा सूर्य, त्याच खाचेतून निघालेली आणि खाली येता येता रुंद होत गेलेली निळी नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आकाशात चारचे आकडे लिहून उडवलेले पक्षी. मुंबईजवळच्या हाटकेशातल्या एखाद्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर राहणारं मूलही हेच काढतं. त्याच्या घरापासून काही किलोमीटरवर वसईची खाडी आहे. भाईंदरहून नायगावला जाताना लोकलच्या खिडकीतून त्याने ती पाहिलेली असते. तिचं पाणी निळं नसतं, हेही त्याला ठाऊक असतं. तरी नदी म्हटली की हात निळ्या खडूकडेच जातो.

या चित्राला हसू नये. त्यात एक मोठा निर्णय दडलेला आहे. डोंगर, घर, झाड हे सगळं मुलाने समोरून पाहिलंय, जमिनीवर उभं राहून. नदी मात्र वरून पाहिलीय. सपाट जागी उभं राहिलं तर दूरची नदी डोळ्यांना एखाद्या चकाकत्या पट्टीएवढीच दिसते, तिची वळणं एकावर एक चढून नाहीशी होतात. मुलाला तर नदीचं येणं दाखवायचं असतं. ती कुठून निघाली, कशी वळली, आपल्यापर्यंत कशी पोचली, हे सगळं. म्हणून ते आपला डोळा उंच उचलतं आणि नदीला कागदाच्या खालच्या कडेपर्यंत, स्वतःच्या पायांपर्यंत आणून सोडतं.

नदीचं चित्र काढणाऱ्या प्रत्येक मोठ्या चित्रकारापुढे पहिला प्रश्न हाच असतो: पाण्यापासून आपला डोळा किती उंच? आणि दुसरा प्रश्न त्याच्या लगेच मागे येतो: पाणी स्वतः किती उंच चढलंय? नदीच्या चित्राकडे पाहून आपल्याला शांत वाटतं, उदास वाटतं, भीती वाटते, तेव्हा आपण त्याचं श्रेय रंगांना देऊन मोकळे होतो. रंगांचा वाटा आहेच. पण माझ्या मते चित्राचा भाव आणि अर्थ दोन्ही या दोन उंचींवर आधी ठरतात, रंग त्यांच्या मागून येतो. पाण्याच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरं आहे.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून सरळ खाली पाहिलं, तर पाण्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम दोन टक्के उजेड परत फिरून डोळ्यांत येतो. बाकीचा आत शिरतो. म्हणून पायाशी आपल्याला पाण्याचा स्वतःचा रंग दिसतो: तळाचे दगड, शेवाळ, गाळ. नजर जसजशी दूर जाते तसतसा तिचा पाण्याशी होणारा कोन लहान होत जातो आणि पाणी आरसा होऊ लागतं. डोळा पाण्यापासून दीड मीटर उंचीवर असेल, तर साडेआठ मीटरवरचं पाणी आपण दहा अंशांच्या कोनातून पाहतो, आणि तिथे सुमारे पस्तीस टक्के उजेड परत फिरतो. सतरा मीटरवर निम्म्याहून जास्त. म्हणजे पायरीवर बसलेल्या माणसाला नदी दिसते ती बहुतेक आकाशच असते. तोच माणूस पाण्यापासून पंधरा मीटर उंच पुलावर चढला, तर दहा अंशांचा तो कोन त्याला पंच्याऐंशी मीटरवर मिळतो. त्याच्या डोळ्यांपुढे नदीचा मोठा भाग तिच्या स्वतःच्या रंगाचा असतो, मातकट, हिरवट किंवा काळसर. त्याच नदीचं, त्याच वेळचं चित्र दोन उंचींवरून काढलं, तर एकात आकाश येईल आणि दुसऱ्यात गाळ. भावातला फरक इथूनच सुरू होतो.

जपानी चित्रकार हिरोशिगे याने १८५७ साली एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, सुमिदा नदीवरच्या पुलाचा एक लाकूडठसा केला. अचानक आलेली सर, पुलावरून छत्र्या आणि इरली सावरत धावणारी माणसं, खाली एकट्या नावाड्याचा तराफा. चित्रकाराचा डोळा खूप उंच आहे. माणसं छोटी, नदी रुंद, आणि पावसाच्या काळ्या उभ्या रेघा वरपासून खालपर्यंत. पाहणारा भिजत नाही; तो माणसांची धांदल लांबून, काहीशा मायेने पाहतो. पुढे लंडनमध्ये अशा जपानी ठशांवर जीव असलेल्या व्हिसलर या चित्रकाराने थेम्सवरचा बॅटरसीचा जुना पूल रंगवला, साधारण १८७२ ते ७५ या काळात. त्याने डोळा उलट खाली नेला, जवळजवळ पाण्याला टेकवला. पुलाचा एकच खांब आभाळात चढत जातो, वर माणसांच्या पुसट आकृत्या, निळसर काळोख, दूर आतषबाजीच्या सोनेरी ठिणग्या. पूल खराखुरा एवढा उंच नव्हता. पण पाण्याच्या पातळीवरून पाहणाऱ्याला शहर असंच वाटतं, डोक्यावर उभं राहिलेलं आणि हाताला न लागणारं. दोन्ही चित्रांत विषय एकच, नदी आणि पूल. डोळ्याची उंची बदलली आणि मायेच्या जागी एकटेपणा आला.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय चित्रपरंपरेत नदी होतीच, पण ती बहुधा कुणाच्या तरी मागे उभी होती. पहाडी चित्रांतली यमुना राधाकृष्णाच्या भेटीसाठी वाहते. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत नदीकाठ, चांदणं, मेघ हे उद्दीपन विभाव. ते भाव पेटवतात, पण भाव माणसांचा असतो. हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो निसर्गावर आपली मनःस्थिती लादत नाही. पुढे १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, कागद-जलरंग घेऊन जागेवर बसून चित्र काढायची पद्धत विद्यार्थ्यांच्या हाती आली आणि नुसत्या जागेचं चित्र हा स्वतंत्र प्रकार झाला. राधाकृष्ण चित्रातून उठून गेले, नदी उरली. मग भाव कुणाचा? तो आता चौकटीबाहेर, चित्रापुढे उभ्या असलेल्या माणसाकडे आला. म्हणूनच अशा चित्रात पाहणाऱ्याला कुठे उभं केलंय, याला इतकं महत्त्व.

मराठी चित्रकारांनी त्याला घाटावर उभं केलं.

नाशिकचा गोदाघाट हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. लक्ष्मण नारायण तासकर (१८७०–१९३७) यांच्यासारख्या मुंबई परंपरेतल्या चित्रकाराला देवळं, घाट आणि तिथल्या बायामाणसांची वर्दळ यांचं अतोनात आकर्षण होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाशिकच्याच शिवाजी तुपे यांनी तिथली देवळं, वाडे आणि घाट पारदर्शक जलरंगांत पुन्हा पुन्हा रंगवले. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो. ऊन म्हणजे कोरा राखलेला कागद. दगडी पायरीच्या कडेवर पडलेलं ऊन दाखवायचं तर तेवढी कड आधीच वाचवून ठेवावी लागते, आणि एकदा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, फिरला की ती परत मिळत नाही. घाट हा या माध्यमाला जणू मुद्दाम दिलेला विषय आहे. एकाखाली एक आडव्या पायऱ्या, प्रत्येकीची वरची बाजू उजेडात, पुढची सावलीत. नजर पायरी पायरीने उतरते आणि शेवटी पाण्याला लागते. पाश्चात्त्य निसर्गचित्रात नदी बऱ्याचदा मध्यभूमीत असते. पुढे झाडी, मग नदी, मग दूरचे डोंगर. घाटाच्या चित्रात ती उंबरठ्याशी असते. पाहणाऱ्याला तिच्यात पाय बुडवता येतील इतकी जवळ.

आणि घाट आणखी एक काम करतो. तो पाणी मोजतो.

गोदावरीच्या पात्रात रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. दोन्ही बाजूंना तोंड असलेली ही मूर्ती नाशिककरांची पूरमोजणी आहे. मारुतीच्या पायाला पाणी लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, गळ्याला. पावसाळ्यात शहरभर हीच भाषा चालते, आणि २०१६ आणि २०१९ सालच्या ऑगस्टमधल्या पुरांत तो कसा दिसला हे तिथले लोक आजही सांगतात. जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ साली बांधलेलं. त्याच्या दाराशी वर टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तिथून आलेली. वसईच्या खाडीकाठची ही घंटा गोदावरीच्या काठी आणखी एक मोजपट्टी झाली: पाणी तिथवर चढलं तर तो पूर पिढ्यांत एकदा येणारा.

हे ठाऊक असलेला माणूस गोदाघाटाचं चित्र पाहतो तेव्हा त्याला नुसता देखावा दिसत नाही. मारुती किती बुडालाय यावरून त्याला महिना कळतो. मूर्ती पायथ्यापर्यंत उघडी, खालच्या पायऱ्या कोरड्या, त्यांवर पांढुरके डाग, पाणी कुंडापुरतं आक्रसलेलं, म्हणजे एप्रिल-मे. पायऱ्यांची संख्या निम्मी झाली आणि पाण्यात प्रतिबिंब टिकत नाही, म्हणजे श्रावणाच्या आसपास. मूर्तीचा फक्त माथा वर आहे, तर चित्र काढणारा माणूस उंच कुठेतरी, कुणाच्या तरी गच्चीवर गेलेला असणार, कारण घाट उरलेलाच नाही. दख्खनच्या नद्या हिमालयातल्या नद्यांसारख्या बर्फावर चालत नाहीत. त्या पावसावर चालतात. त्यांची उंची हीच त्यांची वर्षभराची कथा आहे. शांत, भरलेली, कडेपर्यंत निळी नदी रंगवणं म्हणजे या भूगोलातून पाय उचलून दुसरीकडेच जाणं.

पुराच्या पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा होतो. गाळाचे कण उजेड आतून उधळून देतात, वरचा पृष्ठभाग खळबळलेला असतो, आणि आकाशाचा आरसा मोडतो. अशा नदीत निळा रंग जवळपास लागतच नाही. पण म्हणून ती रंगवायला सोपी होत नाही, उलट अवघड होते. प्रतिबिंब हाच चित्रकाराचा सगळ्यात विश्वासू मदतनीस, तो गेला की पाणी हे पाणी आहे हे पटवायचं कशाने? वाहण्याच्या दिशेने ओढलेल्या फटकाऱ्यांनी, दगडाला अडून उठलेल्या फेसाने, अर्ध्या बुडालेल्या देवळाच्या कडेने. पुराचं चांगलं चित्र पाहताना जो ताण जाणवतो तो विषयाचा कमी आणि या हुकलेल्या आधाराचा जास्त असतो.

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याबद्दल लिहिताना मला नेहमी वाटतं की त्यांना महाराष्ट्राने पुरेसं पाहिलेलंच नाही. कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईला जे. जे.मध्ये शिकला, १८८८ साली त्याला व्हाइसरॉयचं पदक मिळालं, आणि मुंबईत नाव होऊ शकत असताना तो कोल्हापूरला परतला. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. १९३१ साली वारेपर्यंत आबालाल कोल्हापूरच्या पाण्यांपाशीच राहिले: पंचगंगा, रंकाळा, कोटितीर्थ. त्यांची पुष्कळ निसर्गचित्रं आकाराने लहान आहेत. रंग बारीक बारीक ठिपक्यांनी, तुटक फटकाऱ्यांनी भरलेला. जवळून पाहिलं तर ठिपके वेगळे दिसतात, दोन पावलं मागे सरलं की हवेतला दमटपणा तयार होतो. युरोपात सरा या चित्रकाराच्या ठिपक्यांची चर्चा याच सुमारास होत होती, पण कोल्हापूरच्या या माणसाच्या ठिपक्यांमागे मला पोथीची नक्षी करणाऱ्या हाताची सवय जास्त दिसते. हे माझं वाचन आहे. चित्रांपुढे उभं राहून प्रत्येकाने ते तपासावं.

आबालाल यांच्या कोल्हापुरातही पाणी मोजणारे दगड आहेत. रंकाळ्यातला संध्यामठ पावसाळ्यात बुडतो आणि उन्हाळ्यात वर येतो. पंचगंगेच्या घाटावरची लहान देवळं आणि दीपमाळा पुरात पाण्यात उभ्या राहतात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं, त्यामुळे शहराला पूर नवा नाही. आता राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात, एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीस फुटांना धोका. आकडा रोज बातम्यांत येतो. पण बुडालेल्या दीपमाळेचं चित्र जे सांगतं ते आकड्यात येत नाही. माणसांनी दिवे लावायला बांधलेली गोष्ट चारी बाजूंनी पाण्यात आहे, तिच्याकडे जाणारी पायरी दिसत नाही, आणि तरी ती पडलेली नाही. त्या चित्रात हताशपणा नाही. पाणी उतरेल, देऊळ धुवून निघेल, लोक परत येतील, हे पाहणाऱ्याला माहीत असतं. बाहेरच्या माणसाला तेच चित्र विनाशाचं वाटू शकतं. भाव चित्रात असतो हे अर्धंच खरं आहे. पाणी उतरताना पाहिलेल्या डोळ्यांत त्याचा दुसरा अर्धा भाग असतो.

माणसं पूर्ण काढून टाकली तर काय होतं, याचं उत्तर राम कुमार यांच्या वाराणसीच्या चित्रांत आहे. १९६० च्या सुमारास ते एम. एफ. हुसेन यांच्याबरोबर तिथे गेले. हुसेन पंढरपूरचे, चंद्रभागेच्या काठी १९१५ साली जन्मलेले. गजबजलेला घाट पाहून राम कुमार यांच्या चित्रांतून मात्र हळूहळू माणसं निघून गेली. उरली ती राखाडी, तपकिरी घरांची दाटी आणि खाली नदीचा एक निरुत्तर पट्टा. तासकरांच्या घाटावर पाहणारा गर्दीतला एक असतो, राम कुमार यांच्या घाटावर तो एकटा पडतो. मला पहिल्या प्रकारच्या चित्रांविषयी अधिक ओढ आहे, पण दुसऱ्याने मला अधिक वेळ जागं ठेवलंय.

आता वसईच्या खाडीकडे. खंडाळ्याच्या घाटमाथ्याजवळ उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्यापर्यंत येते, तिथून तिचा मुख्य प्रवाह वायव्येला वळतो आणि घोडबंदरवरून, भाईंदर आणि नायगावच्या मधून, वसईच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळतो. हाटकेश आणि काशिमीऱ्याहून घोडबंदर रस्त्याने निघालं की चेणे गाव लागतं, आणि थोडं पुढे हे पाणी. पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग, त्यामागे कामण आणि तुंगारेश्वरचे डोंगर. एकेकाळी पोर्तुगीजांचे घोडे इथे उतरत. १७३७ साली मराठ्यांनी इथला किल्ला घेतला, दोन वर्षांनी वसई. एवढं सगळं असूनही गोदाघाट म्हटल्यावर जसं चित्र डोळ्यांपुढे येतं, तसं खाडीचं येत नाही. कारण तिला घाट नाही. पायऱ्या नाहीत, कुंड नाही, मोजणारा मारुती नाही. आणि चित्रकाराला उभं राहायला जागाही सहजी नाही, कारण काठ तिवरांचा, म्हणजे कांदळवनाचा, आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली दिलेल्या आदेशाने कांदळवन तोडायला आणि त्याच्या भोवती पन्नास मीटरच्या आत बांधकामाला बंदी आली, आणि ती फार चांगली गोष्ट झाली. पण चित्राच्या बाजूने पाहिलं, तर याचा अर्थ असा की खाडीत आणि पाहणाऱ्यात कायम एक हिरवट राखाडी पट्टा असणार, आणि त्याच्या बुडाशी चिखलातून वर आलेली श्वसनमुळांची टोकं. खाडी आपल्याला पायरी देत नाही. ती जवळ येऊ न देता दिसते. हा तिचा स्वभाव आहे आणि तो चित्रात आला पाहिजे.

नदीतोंडाचं पाणी हा विषय जगाच्या चित्रकलेत मात्र एका अत्यंत प्रसिद्ध चित्राचा आहे. क्लोद मोने याने १८७२ साली ल आव्र या बंदरात पहाट रंगवली. सेन नदी जिथे समुद्राला मिळते ते हे बंदर. १८७४ साली ते चित्र प्रदर्शनात आलं आणि त्याच्याच नावावरून एका अख्ख्या चळवळीचं नाव पडलं. राखाडी निळं धुकं, शिडांच्या काठ्या, दोन-तीन होड्या आणि एक नारिंगी सूर्य. हा सूर्य थरथरतोय असं वाटतं. हार्वर्डच्या मेंदुशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी त्याचं कारण दाखवून दिलं. चित्राचं काळं-पांढरं रूपांतर केलं तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो, कारण त्याचा उजळपणा मागच्या ढगांएवढाच आहे. आपल्या मेंदूचा जो भाग जागा आणि हालचाल ओळखतो त्याला रंग कळत नाही, फक्त उजळपणा कळतो. त्या भागाला सूर्य सापडत नाही, रंग ओळखणाऱ्या भागाला तो स्पष्ट दिसतो. या दोघांच्या ओढाताणीतून ती थरथर. म्हणजे पहाटेची ती अस्थिर हुरहूर मोनेने रंगाच्या भडकपणाने नव्हे, उजळपणा समान राखून साधली.

आणि त्या चित्रातही पाण्याची उंची बोलली. डोनाल्ड ओल्सन या खगोलशास्त्रज्ञाने सूर्याची दिशा आणि उंची, हवामानाच्या नोंदी आणि भरतीचं गणित एकत्र केलं. चित्रात गलबतं ज्या तऱ्हेने बंदराच्या दारात दिसतात ती भरतीच्या वेळीच शक्य होती, कारण एरवी आतल्या गोदीचे दरवाजे बंद असत. २०१४ साली पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयाने हा निष्कर्ष मांडला: बहुधा १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साडेसातच्या सुमाराला. भरती नसती तर या चित्राचं वय कळलं नसतं.

वसईच्या खाडीतही भरतीच सगळं ठरवते. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, भांगाच्या दिवशी त्याहून खूप कमी. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सहा तासांच्या आसपास, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी पुढे. गोदावरीने जी उंची गाठायला मे ते ऑगस्ट घेतला, तेवढं खाडी एका दुपारी करून दाखवते. ऑन द स्पॉट चित्र काढायला बसलेल्याने दोन तास लावले तर तेवढ्यात पाण्याची कड चिखलावरून कित्येक मीटर सरकलेली असते. जिथे आरसा होता तिथे ओला, चमकणारा गाळ येतो, आणि गाळाची चमक पाण्याच्या चमकेपेक्षा वेगळी असते. तिच्यात आकाश असतं पण प्रतिबिंबाला कड नसते. म्हणून इथे बसणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत पाण्याची रेघ पेन्सिलीने ठरवून घ्यावी आणि मग नदी काहीही करो, ती सोडू नये. भरती-ओहोटी मिसळलेलं चित्र कुठल्याच वेळेचं होत नाही, आणि वेळ नसलेल्या खाडीला भावही राहत नाही.

नांगरलेली होडी ही खाडीच्या चित्रातली सगळ्यात प्रामाणिक वस्तू. वारा जोराचा नसेल तर ती नाळ प्रवाहाकडे करून उभी राहते. भरतीत तिचं तोंड समुद्राकडे, ओहोटीत ठाण्याकडे, आणि पाणी वळतानाच्या थोड्या वेळात ती आडवी, कुठेच न पाहणारी. तीन होड्या तीन दिशांना काढल्या तर खाडीवर वाढलेला माणूस चित्र तिथेच बाजूला ठेवील. तिन्ही आडव्या काढल्या तर तो थांबून पाहील, कारण ती वेळ त्याने क्वचितच कुणी पकडलेली पाहिली असेल.

उंचीचे पर्याय इथे तीन आहेत. घोडबंदरच्या किल्ल्यावरून डोळा उंच जातो. खाडी रुंद आणि मातकट दिसते, वरसाव्याचे पूल बारीक होतात, डोंगर आणि इमारती एकाच पातळीवर येतात. इथे चित्र इतिहासाचं होतं, कारण किल्ला याच नजरेसाठी बांधलेला असतो. दुसरी जागा लोकलचं दार. भाईंदर सुटल्यावर पुलावरचे खांब नजरेसमोरून एकामागून एक सरकतात, मधे पाणजूचं बेट येतं, पाणी कापून कापून दिसतं. लाखो माणसं वसईची खाडी रोज याच उंचीवरून पाहतात, दप्तर पोटाशी धरून, दुसऱ्याच्या खांद्यावरून. तिचं हे चित्र अजून पुरतं काढलं गेलेलं नाही असं मला वाटतं, आणि ते जलरंगात फार सुंदर निघेल: खांबांच्या उभ्या काळ्या पट्ट्या आधी कोरड्या कागदावर, मधल्या फटींत ओल्यावर ओलं सोडलेलं पाणी. तिसरी उंची होडीतली, जी कोळी आणि आगरी घरांतल्या माणसांना जन्मापासून मिळालेली असते. तिवरांची भिंत तिथून दोन्हीकडे उंच होते आणि हाटकेशचे टॉवर तिच्यावर फक्त टोकांनी दिसतात. शहर तिथून परकं दिसतं, खाडी घरची.

पावसाळ्यात इथे बसायचं असेल तर एक व्यावहारिक गोष्ट. हवेत इतकी ओल असते की पहिला वॉश वाळायला उन्हाळ्याच्या कितीतरी पट वेळ घेतो, आणि त्यावर घाईने दुसरा दिला की सगळ्या कडा विरघळतात. पुष्कळ जण याला वैतागतात. पण जुलैतल्या खाडीला कडा नसतातच. पलीकडचा तुंगारेश्वर, तिवरं आणि पाणी या तिघांच्या छटांत जेमतेम अंतर उरतं, उजेड कुठून येतोय ते कळत नाही. तेव्हा कागदाच्या चालीने जाणं बरं: तीनच छटा, एकमेकींत शिरू दिलेल्या, आणि गडद रंग फक्त एका ठिकाणी, होडीला किंवा पुलाच्या खांबाला. चित्र पूर्ण झाल्यावर कागदाच्या मागे तारीख आणि वेळ लिहावी, आणि पाणी चढतं होतं की उतरतं, तेही.